आईला पडू न देण्याची मोहीम

आईच्या डाव्या कोपरावरचा काळानिळा डाग मला दिसला तो एका रविवारी सकाळी, ती पेपर समोर धरून बसली होती तेव्हा.

"हे काय लागलं?" मी विचारलं.

"दार," आई म्हणाली.

मी एका विमा कंपनीच्या अपघात विभागात काम करतो. लोक कसे पडले, कशावरून पडले आणि पडताना नेमकं काय करत होते, हे सत्तावीस वर्षं रोज वाचतो. कारणाच्या रकान्यात नुसतं 'दार' असं लिहिलेला अर्ज माझ्या टेबलावरून एकदाही पुढे गेलेला नाही. तेव्हा मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो.

"कुठलं दार?"

"गुडघ्यावर पण आहे एक," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "परवा दिसला मला."

आईने पेपरची घडी घातली. "मी पडले नाही," ती म्हणाली. "मी बसले."

"कुठे बसलीस?"

"बाथरूममध्ये."

"बाथरूममध्ये, फरशीवर?"

"हो."

"कशाला?"

"दम खायला," आई म्हणाली आणि घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला. चौकशी संपली असा त्याचा अर्थ होता.

आई एकोणऐंशी वर्षांची आहे. एका मोठ्या हॉस्पिटलात चौतीस वर्षं ती नर्स होती आणि त्यातली शेवटची बारा वर्षं हाडांच्या विभागातल्या बायकांच्या वॉर्डची प्रमुख. आमच्या इमारतीत तिला सगळे सिस्टर म्हणतात, ती निवृत्त झाल्यावर जन्मलेलेसुद्धा. त्या बारा वर्षांत तिच्या वॉर्डात एकही पेशंट खाटेवरून किंवा संडासला जाताना पडला नाही. लोक मुलांच्या पदव्या सांगतात त्या सुरात ती हे सांगते. त्यामुळे पडणं हा तिच्या दृष्टीने अपघात नव्हता. ती नोकरीतली नामुष्की होती.

आणि पडण्यानंतर काय येतं हे घरात तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिने मला एकदा सांगितलं होतं, "खुबा मोडायच्या आदल्या दिवसापर्यंत चांगल्या हिंडत्याफिरत्या असायच्या रे त्या. वर्षभराने चौकशी केली, तर त्यातल्या कितीतरी जणी नसायच्या." हे सांगताना ती भाजी निवडत होती आणि तिचा हात थांबला नव्हता. आता कोपरावरचा तो डाग पाहून मला ते वाक्य आठवलं.

"आईंना आधी डॉक्टरांकडे नेऊया," बायको म्हणाली.

"आधी कारणं दूर करू," मी म्हणालो. मी त्या विषयातला माणूस होतो. त्याच दुपारी मी ऑफिसच्या कोऱ्या कागदावर, समास सोडून, माणसं घरात का पडतात याची एकोणीस कारणं लिहून काढली. ओली फरशी, सरकणारं जाजम, लोंबकळणाऱ्या वायरी, अपुरा उजेड, सैल चप्पल, फर्निचरचे टोकदार कोपरे आणि असंच बरंच काही. चक्कर मी लिहिली नाही. चक्कर आमच्या विभागात येत नाही. तो अर्ज वैद्यकीय विभागाकडे जातो, दुसऱ्या मजल्यावर.

जाजमापासून सुरुवात केली. ते गुंडाळून माळ्यावर टाकलं, तेव्हा त्याच्याखालची एक फरशी डुगडुगते असं कळलं. जाजम होतं तोवर तिचा कोणाला पत्ता नव्हता. आता ती बरोबर आईच्या वाटेत होती. मग नव्या चपला आणल्या. त्यांचे तळवे इतके चिकट होते की आईचा पाय जागच्या जागी राहायचा आणि बाकीची आई पुढे जायची. दुसऱ्या दिवशी बायकोने तिला वेळेवर सावरलं आणि चपला मला न विचारता परत करून आली. बाहेरच्या खोलीतलं भिंतीलगतचं छोटं टेबल, दोन स्टुलं आणि पुस्तकांची घडवंची मी आत हलवली, कारण यादीतला क्रमांक अकरा टोकदार कोपऱ्यांचा होता. खोली मोकळी झाली. आई दारात उभी राहून बराच वेळ त्या मोकळ्या खोलीकडे पाहत राहिली.

"आवडलं का?" मी विचारलं.

"मोठी दिसते," ती म्हणाली आणि चौकटीला हात धरून तशीच मागे वळली.

तिला आवडलं नाही हे मला कळलं. का, ते कळलं नाही. आयुष्यभराची मांडणी बदलली की वाईट वाटायचंच, असं मी स्वतःला समजावलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त इंजिनिअर राहतात. आमचं दार उघडं असलं की ते आत येतात आणि बंद असलं तर उघडायला लावतात. त्यांनी माझी यादी चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, "यात मुख्य गोष्टच नाही. दांडा! बाथरूममध्ये धरायला दांडा हवा. आडवा नको, तिरका. पंचेचाळीस अंशात."

"पंचेचाळीसच का?" मी विचारलं.

"पूल बांधलेत मी," ते म्हणाले.

दांडा बसवायला फिटरही त्यांनीच पाठवला. तो गृहस्थ अतिशय शांत होता. पहिलं भोक त्याने शांतपणे पाडलं, दुसरंही पाडलं. तिसरं पाडताना भिंतीतून पाण्याची एक बारीक, सरळ, तेजस्वी धार निघाली आणि समोरच्या भिंतीवर जाऊन आपटली, तेव्हाही त्याचा आवाज चढला नाही. "साहेब, इथे पाइप होता," तो म्हणाला.

मुख्य नळ कुठून बंद होतो हे आमच्यापैकी फक्त आईला माहीत होतं. तिने ते खुर्चीतूनच सांगितलं. पण तोवर पाणी खाली गेलं होतं, आणि आमच्या खाली इमारतीचे सेक्रेटरी राहतात.

ते वर आले ते ओला टॉवेल खांद्यावर घेऊनच. "माझ्या आरशावरून ओघळतंय," ते म्हणाले. "अर्धी दाढी राहिली आहे माझी." ती खरंच राहिली होती. मी माफी मागितली, आईबद्दल सांगितलं, दांड्याबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "परवानगी?"

"माझ्या बाथरूमच्या भिंतीला?"

"भिंत आतून तुमची. बाहेरून इमारतीची. मध्ये पाइप, तो सगळ्यांचा." अर्ज तीन प्रतींत हवा होता, सोबत भिंतीचा नकाशा आणि घरात ज्येष्ठ नागरिक असल्याचा पुरावा.

"अहो, सिस्टर तुमच्यासमोर बसल्या आहेत," मी म्हणालो.

"समोर दिसतं तो पुरावा होत नाही."

मला हे वाक्य लागलं. लागायचं कारण असं की हे वाक्य माझं आहे. वर्षानुवर्षं मी ते काउंटरच्या अलीकडून म्हणत आलो आहे, कधी प्लॅस्टरमधल्या पायाकडे बघत, तर कधी गळ्यात अडकवलेल्या हाताकडे. ते पलीकडून कसं ऐकू येतं हे मला त्या दिवशी कळलं. मी निमूटपणे अर्ज लिहायला बसलो.

तीन आठवडे गेले. नकाशा इंजिनिअरांनी काढला. त्यात आमचं बाथरूम एखाद्या धरणासारखं दिसत होतं. या तीन आठवड्यांत आई अजून एकदा 'बसली', गॅलरीत. त्याबद्दल आम्हाला तिच्या तळहाताला खरचटलेलं दिसल्यावर कळलं. आता ती घरात कमी फिरायला लागली होती. सकाळी खाली बागेत जायची, ते बंद झालं. विचारलं की म्हणायची, "आज कंटाळा आलाय." आईला कंटाळा आलेला मी माझ्या त्रेपन्न वर्षांत कधी पाहिला नव्हता. बायको पुन्हा म्हणाली, "डॉक्टर." मी म्हणालो, "एवढा दांडा होऊ दे."

अखेर कमिटीने ठरवलं की सेक्रेटरींनी प्रत्यक्ष पाहणी करून मंजुरी द्यावी. पाइप फिटरने तेव्हाच दुरुस्त केला होता आणि पाहणीच्या आदल्या दिवशी दांडा 'तात्पुरता' लावून दिला होता, कसल्याशा चिकट लुकणाने. "चोवीस तास हात लावू नका," असं त्याने बजावलं होतं. पाहणी विसाव्या तासाला आली.

सेक्रेटरी, इंजिनिअर आणि बायको बाथरूमच्या दारात उभे होते. मी आत. बाहेरच्या खोलीत, बरोबर समोर, आई खुर्चीत बसलेली. सेक्रेटरींनी दांड्याकडे संशयाने पाहिलं.

"वजन पेलेल का?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण अर्ज तीन प्रतींत लिहिलेल्या माणसाचा स्वाभिमान काही वेगळाच असतो. "हे बघा," असं म्हणून मी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि मागे रेललो.

दांडा माझ्याबरोबर आला. दोन टाइल्सही आल्या. मी फरशीवर बसता झालो, दांडा मांडीवर, अंगावर पांढरी भुकटी, आणि पंचेचाळीस अंशांचा कोन आता फक्त माझ्या मानेला होता. लागलं फारसं नव्हतं. पण आवाज मोठा झाला.

"हलवू नका त्याला! कोणी हलवू नका!"

तो आईचा आवाज होता, आणि घरातला नव्हता. वॉर्डातला होता. कोणी पडल्याचा आवाज कानावर आला की उठायचं, हे चौतीस वर्षं तिच्या अंगात मुरलेलं होतं. ती खुर्चीतून ताडकन उठली आणि माझ्याकडे यायला निघाली.

मी खाली बसलो होतो, म्हणून बाकीच्यांच्या पायांमधून मला ती दिसली. दोन पावलं ती व्यवस्थित आली. मग तिचा चेहरा एकदम रिकामा झाला. डोळे उघडे होते, पण त्यात ती नव्हती. तिचा उजवा हात बाजूला गेला आणि हवेत काहीतरी शोधायला लागला, ठरलेल्या जागी, ठरलेल्या उंचीवर. तिथे ते छोटं टेबल असायचं. त्याच्यापुढे स्टूल, त्याच्यापुढे घडवंची. किती महिने ती या घरात अशीच, एकेका वस्तूला धरून, चालत आली होती कुणास ठाऊक. आणि मी त्या सगळ्या उचलून आत नेऊन ठेवल्या होत्या.

हाताला काही लागलं नाही. आई पडली. कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं.

सेक्रेटरी आधी धावले. त्यांनी अंगातला शर्ट काढून तिच्या कपाळाला दाबून धरला, स्वतःचा स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडाने "सिस्टर, सिस्टर" एवढंच म्हणत राहिले. मी दांडा बाजूला टाकून, गुडघ्यांवर रांगत तिथे पोचलो. आई शुद्धीवर होती. "पाय हलतायत माझे," ती म्हणाली. "खुबा ठीक आहे. मीच बघितलं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुला लागलं का रे?"

बायको खाली बसली होती. ती हळू आवाजात म्हणाली, "त्या घसरल्या नाहीत. फरशी कोरडी आहे, उजेड आहे, वाटेत काही नाही. नुसत्या उठल्या आणि खाली गेल्या. अहो, हे तुमच्या यादीत नाही."

दवाखान्यात चार टाके पडले. मनगट सुजलं होतं, मोडलं नव्हतं. डॉक्टर तरुण होती, माझ्या मुलीच्या वयाची असेल. तिने आईला आधी निजवून ब्लड प्रेशर घेतलं, मग उभं करून घेतलं. मग आईला घाईने पुन्हा निजवलं.

"झोपून एकशे अठ्ठावीस," ती म्हणाली. "उभ्याने ब्याण्णव. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते?"

"येते," आई म्हणाली. हा शब्द मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकला.

"औषधं कुठली चालू आहेत? सगळी आणलीत?"

बायकोने निघताना औषधांचा डबा चिठ्ठ्यांसकट पिशवीत टाकला होता. मला ते सुचलं नव्हतं. डॉक्टरने सगळ्या गोळ्या टेबलावर मांडल्या आणि एकेक पाकीट वाचत गेली. दोन पाकिटं तिने बाजूला काढली. एक पांढरं, एक निळं.

"ही दोन्ही घेता?"

"सकाळी ही, संध्याकाळी ती."

"हे ब्लड प्रेशरचं एकच औषध आहे, आजी. कंपन्या दोन, नावं दोन. निळी सुरू झाली तेव्हा पांढरी बंद करायची होती. इथे चिठ्ठीवर लिहिलंय बघा, खाली."

तिने चिठ्ठी पुढे केली. आईने ती घेतली. आधी जवळ धरली, मग हात लांब केला, मग खिडकीच्या उजेडाकडे वळवली. आम्ही सगळे बघत होतो. शेवटी तिने चिठ्ठी मांडीवर पालथी ठेवली.

"मला दिसत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं. मोठं असेल तर दिसतं. हे नाही दिसत."

"अगं, मग सांगायचंस ना!" मी म्हणालो. माझा आवाज उगाचच चढला.

"काय सांगायचं?" आईचा आवाज मात्र चढला नाही. "औषधाच्या कपाटाची किल्ली बारा वर्षं माझ्या कमरेला होती. चाळीस खाटा. कोणाची गोळी कोणाला गेली नाही कधी. आणि आता घरात बसून, स्वतःची... चक्कर यायला लागली तेव्हा वाटलं होतं मला, गोळीचं काहीतरी असेल. पण मग डबा कोणाला तरी दाखवावा लागला असता."

ती पाकिटं माझ्याकडे बघत होती असं मला वाटलं. दर महिन्याला ती मीच आणत होतो, ऑफिसातून येताना, दोन्ही, न चुकता, दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्या दाखवून. परक्या माणसांचे अर्ज मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कुठे काही लपवलंय का म्हणून. आईची चिठ्ठी कधी उलगडूनही पाहिली नव्हती.

"आणत मी होतो," मी म्हणालो. "मीही वाचलं नाही."

आईने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरकडे वळून, वॉर्डाचा चार्ज देताना बोलावं तसं म्हणाली, "पांढरी आजपासून बंद. लिहून घ्या. मोठ्या अक्षरात द्या मला."

पांढरी गोळी बंद झाली. डॉक्टरने उठायची रीत घालून दिली: आधी अंथरुणातच कुशीवर वळायचं, मग कडेला बसायचं, पावलं वरखाली हलवायची, वीसपर्यंत मोजायचं आणि मग उठायचं. आई म्हणाली की हे ती चौतीस वर्षं लोकांना शिकवत आली आहे. "मग आता स्वतःसाठी करा," डॉक्टर म्हणाली, आणि आईने चक्क मान डोलावली. दोन आठवड्यांनी उभ्याने घेतलेलं ब्लड प्रेशर एकशे अठरा भरलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदूसाठी तारीख दिली. टेबल, स्टुलं आणि घडवंची मी परत जागेवर आणून ठेवली, आणि त्या वस्तू हलू नयेत म्हणून मागून भिंतीला पक्क्या केल्या. या कामासाठी मी परवानगी घेतली नाही.

दांड्याची मंजुरी सेक्रेटरी स्वतः वर घेऊन आले, एकाच प्रतीत. दुसरा फिटर आला, त्याने आधी पाइप कुठून जातो ते पाहिलं, स्क्रू नीट आत खोल पिळले आणि दांडा आडवा लावला. इंजिनिअर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बसवलेला दांडा पाहून जाताना सेक्रेटरींनी दारात घुटमळून या फिटरचा नंबर मागितला. "माझ्यासाठी नाही," ते म्हणाले. "एका ओळखीच्यांसाठी." मी नंबर दिला आणि ओळखीच्यांबद्दल काही विचारलं नाही.

मी मात्र बदललो होतो, आणि चांगल्या अर्थाने नव्हे. आई उठली की मी उठायचो. ती चालली की मी दोन पावलं मागे, दोन्ही हात पुढे पसरून, श्वास रोखून. ऑफिसातून दिवसाला चार फोन करायचो. शेवटी एका शनिवारी दुपारी ती खोलीच्या मधोमध थांबली आणि सावकाश मागे वळली.

"हे काय चाललंय?"

"तू पडलीस तर धरायला."

"असा धरणार? काखेत हात घालून वर ओढणार? म्हणजे माझा खांदा निखळेल, तुझी कंबर जाईल आणि सुनेला दोघांचं करावं लागेल." तिने बायकोला हाक मारली. "अगं, गादी आण जरा इकडे. आणि तूही ये."

गादी खाली अंथरली. आई खुर्चीत बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि तिने आम्हाला शिकवायला सुरुवात केली. पडणाऱ्याला धरून ठेवायचं नसतं, ती म्हणाली, त्याच्याबरोबर खाली जायचं असतं. मागे अगदी खेटून उभं राहायचं. एक पाय मागे. दोन्ही हात कमरेभोवती. तो जायला लागला की अडवायचं नाही, आपला गुडघा वाकवायचा आणि त्याला आपल्या मांडीवरून घसरत घसरत जमिनीवर पोचवायचं. फक्त डोकं जपायचं. "नव्या पोरींना पहिल्याच आठवड्यात शिकवायचे मी हे. सगळ्यांना वाटायचं, पेशंट पडू द्यायचा नाही म्हणजे उभा धरायचा. तसं नसतं ते."

आधी बायको पडली, पाच वेळा. पहिल्या दोन वेळा ती हसत सुटली, आणि तिसऱ्या वेळी मीच खाली आणि ती वर असा प्रकार झाला. पाचव्या वेळी जमलं.

"आता मी," आई म्हणाली.

"अजिबात नाही," मी म्हणालो.

"मी पडेन तेव्हा तू म्हणशील, थांब, आधी सराव करतो? डॉक्टर म्हणाली ना, शक्यता कमी झाली. संपली असं म्हणाली का?"

ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. बायको बाजूला, हात तयार ठेवून. मी एक पाय मागे घेतला आणि आईच्या कमरेभोवती हात घातले. ती इतकी हलकी झाली आहे हे मला माहीत नव्हतं. साडीतून तिच्या बरगड्या हाताला लागत होत्या.

"सोडते हं," ती म्हणाली.

पण सोडलं नाही. क्षणभर ती तशीच ताठ उभी राहिली आणि तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. इतके महिने ती कशाला घाबरत होती ते मला त्या बोटांतून कळलं. मी नुसता उभा राहिलो, पाय घट्ट रोवून.

मग तिने सोडलं. सगळा भार माझ्यावर आला, मी गुडघा वाकवला आणि आम्ही दोघं सावकाश, सावकाश खाली गेलो. ती गादीवर टेकली. तिचं डोकं माझ्या छातीवर होतं आणि माझा तळहात तिच्या कपाळावर, टाके घातले होते त्याच्या जरा खाली. कोणाला काही लागलं नाही. बायकोने तोंडावर हात ठेवला होता.

आईने डोळे मिटले होते. मला वाटलं आता ती काहीतरी बोलेल.

"पाय मागे घ्यायला उशीर केलास," आई म्हणाली. "पुन्हा."